चासीतली आठ भोकं

मिस्त्री माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्याकडे न बघता. मी मोटारसायकल स्टँडवर लावतोय तोवर ते खाली उकिडवे बसले, चेनवरून एक बोट फिरवलं, त्या बोटाकडे बघितलं, आणि ते कोरडं ठणठणीत बोट उगाचच पायजम्याला पुसलं.

"तुमाला डबल," ते म्हणाले.

मला काय हवंय हे मी अजून सांगितलंही नव्हतं. नमस्कारसुद्धा व्हायचा होता. मी भोरच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. माझ्याशी असं बोलायची सवय गावात कुणाला नव्हती. मला राग आला. तो राग मी नीट लक्षात ठेवलाय, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळलं की ढाबे आणि पंक्चरवाले संपता संपता त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती, फोन नंबरही कुठं लिहिलेला नव्हता. उभं आयुष्य त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात घातलं. मग भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला हॉटेलं उभी राहिली, पुण्याची माणसं बोटी घेऊन यायला लागली, आणि बोट रस्त्यानं वाहून पाण्यापर्यंत न्यायची ट्रॉली कोण करतं असं विचारत विचारत सगळे मिस्त्रींकडे पोचू लागले. स्वतः मिस्त्री पाण्याला घाबरत. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मागे फिरत. बोटीत ते जन्मात बसले नाहीत.

अशा ट्रॉलीत पहिला प्रश्न एकच असतो. सिंगल एक्सल का डबल? म्हणजे दोन चाकं का चार? बाकीचे कारागीर बोटीची लांबी विचारतात, वजन विचारतात आणि ठरवून टाकतात. मिस्त्रीही विचारत, पण सगळ्यात शेवटी. आधी गिऱ्हाईक बघत. मोटारसायकलची चेन बघत, चपलेचा अंगठा शिवलाय का पिनेनं अडकवलाय ते बघत, गाडीत पुढच्या काचेखाली काय काय साठलंय ते बघत.

एकदा माझ्यासमोर एक हॉटेलवाला आला. चकचकीत गाडी, आणि आत पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा खच. त्याला सिंगलच हवी होती, दिसायला सडपातळ दिसते म्हणून. त्यानं मोबाईलवर चार व्हिडिओ दाखवले. मिस्त्रींनी ते शेवटपर्यंत बघितले आणि म्हणाले, "ह्यातल्या माणसाला देतो की सिंगल. त्याला धाडा. तुमाला डबल." आणि भाटघरला मासे विकणारी एक बाई आली होती, छोट्या होडीसाठी. तिनं पिशवीतून पैसे काढताना आतली मासे कापायची सुरी बाहेर आली. फडक्यात गुंडाळलेली, फडक्याला तेल. मिस्त्री खूश झाले. "बाई, तुमाला सिंगल. डोळं झाकून."

असं का, ते त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

"डबल हाय ना सर, ती एक चूक पोटात घालती. एक चाक गेलं तरी तीन उरत्यात. गेलेलं चाक साखळीनं वर बांधायचं आन् हळूहळू मुक्काम गाठायचा. पर ती जड. हातानं फिरत न्हाई, वळणाला टायर घासती. सिंगल हलकी. हूक काढला की चार माणसं बैलगाडीवानी फिरवत्यात. पर सिंगलला माफी न्हाई. तिला दर येळी इचारावं लागतं, बाय, बरी हायेस का."

"मग मला डबल कशावरून?"

"तुमी इचारणाऱ्यातलं न्हाई," ते म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती. रक्तदाब सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

आता आम्हाला ट्रॉली कशाला हवी होती ते सांगतो. आमच्या भागात पाणी फार आणि पोहणारे थोडे. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी बुडतं. कधी आंघोळीला आलेली पोरं, कधी म्हशीमागे गेलेला गुराखी. आम्ही भोरमधले आठ-दहा जण धावून जायचो. शिक्षक, दुकानदार, एक वकील, आणि जीप चालवणारा बबन. टायरच्या ट्यूबा आणि दोर एवढंच हत्यार. मग एका दानशूर माणसानं फायबरची बोट दिली, इंजिनासकट. ती जीपमागे बांधून भाटघरपासून पार वेल्ह्यापर्यंत कुठंही न्यायची होती. ट्रॉलीचं बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी विज्ञानाचा.

मिस्त्रींचं म्हणणं असं की ट्रॉली रस्त्यासाठी नसतेच, ती शेवटच्या शंभर पावलांसाठी असते. त्यामुळे कामाला हात घालण्याआधी ते पाण्याकडे जाणारी वाट स्वतः चालून बघत, चपला हातात घेऊन. आमच्या वाटेवरही आले. भाटघरच्या पाण्याकडे उतरताना दोन काळ्या दगडांमधून एक वळण आहे, जीप जेमतेम जाते. तिथं ते बराच वेळ उभे राहिले. दोन हात पसरून अंतर घेतलं, परत मागे गेले, परत आले.

"बघा," मी म्हटलं. "इथं डबल फिरायची नाही."

"खरं हाय," ते म्हणाले. "रस्ता सिंगल मागतो, तुमी डबल मागता. आता कुणाचं ऐकायचं?"

"रस्त्याचं ऐका," मी म्हटलं.

माझं चुकलं नव्हतं. आजही ते वळण तसंच आहे. पण मी ते वळणासाठी म्हटलं नव्हतं, त्या कोरड्या चेनसाठी म्हटलं होतं. मिस्त्रींनाही ते कळलं असावं. ते चपला पायात सरकवून जीपमध्ये बसले.

ट्रॉली न्यायच्या दिवशी त्यांनी मला चाकापाशी खाली बसवलं आणि माझा तळहात हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्यावर, ठेवला. हात ठेवायची ही त्यांची जुनी खोड. फाट्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या हबला ते जाताजाता हात लावत. ढाब्यावर जेवत बसलेल्या ड्रायव्हरला जाऊन सांगत, "तुमचं डावं मागलं तापलंय बरं का." लोक हसत. एका एसटीच्या ड्रायव्हरनं त्यांना शिव्याही घातल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात मुद्दाम थांबून पेढे दिले होते.

"रस्त्यानं आली की हे तापतं," ते म्हणाले. "तापलेलं तसंच गार पाण्यात घातलं की हे पाणी पितं. आत बेअरिंग हाय. पाणी पिलं की ग्रीस जातं, गंज येतो."

"बरोबर," मी म्हटलं. "आतली हवा थंड होऊन आकसते, दाब कमी होतो, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं." नववीच्या वर्गात सांगावं तसं मी सांगितलं.

"तसंच आसंल. म्हून गार होईस्तवर थांबायचं. पर माणूस बुडत आसंल तर कोण थांबंल? नका थांबू. फकस्त दुसऱ्या दिवशी टोपण काढून बघायचं, पुसायचं, नवं ग्रीस भरायचं. पाणी आत गेलंच, असं धरून चालायचं. कोण करणार?"

"मी करीन."

"तुमीच. दुसऱ्याला सांगू नका. धा जणांचं काम कुणाचंच नसतं."

त्यांनी मला ग्रीसचा डबा दिला. ट्रॉलीला नेहमीसारखा नुसता लाल प्रायमर होता. वरून रंग ते कधीच देत नसत. रंग दिला की लोक बघायचं सोडतात, म्हणत. चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना, चाकांच्या मागे, चार-चार भोकं पाडलेली दिसली. ही कशाला, मी विचारलं. "पाणी निघायला," ते म्हणाले. मला ते पटलं. चांगला विचार केलाय, असं मी त्यांना शाबासकीच्या सुरात म्हटलंसुद्धा.

त्यानंतर कापूरहोळला गेलो की मी शेडमध्ये डोकावत असे. ते चहा सांगत. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी लांबडं ठेवलेलं असे, त्यावर पाय टाकून मी चहा पीत असे. ते माझ्या पायांकडे बघत, मग माझ्याकडे, आणि दर वेळी एकच विचारत, "काय म्हणती सिंगल?" मी म्हणे, "झकास." पहिल्या दोन वेळा ते खरं होतं. ट्रॉली पाण्यात जाऊन आल्यावर मी खरोखरच टोपण काढलं होतं, हात काळे केले होते, आणि घरी बायकोला कौतुकानं दाखवले होते.

तिसरी वेळ पावसाळ्यातली. भाटघरला एक तरुण मुलगा बुडून गेला. आम्ही जीप सुसाट नेली, ट्रॉली तशीच तापलेली पाण्यात घातली, आणि दोन तासांनी त्याला बाहेर काढला. त्याच्या आईच्या समोर. आमच्याकडे रीत अशी की प्रेताला हात लागला की मधे कुणाच्या दारात टेकायचं नाही, सरळ घरी जायचं, बाहेरच आंघोळ करायची. बोटही त्या दिवशी कुणी शिवत नाही. ती चिखलासकट तशीच उभी राहते. दुसऱ्या दिवशी तिला धुवायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग ती परत कामाची.

ते सगळं आम्ही केलं. बोट घासूनपुसून लख्ख केली. हार घातला. नारळ मी फोडला, ट्रॉलीच्या डाव्या चाकापाशी बसून. नारळाचं पाणी हबवर सांडलं, ते मला दिसलं. हात वीतभर अंतरावर होता. ग्रीसचा डबा शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात होता, आणि रविवार होता. सोमवारी करू म्हटलं. सोमवारी पेपर तपासायला आले.

तीन आठवड्यांनी, सकाळी मधल्या सुट्टीच्या आधी फोन आला. वेल्ह्याच्या पलीकडे धरणात एक शेतकरी होडी उलटून पडलाय. पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या झाडाचा शेंडा धरून आहे. गावातली एकुलती एक होडी तीच, उलटलेली. दोर पोचत नाही. जिवंत आहे, ओरडतोय, लवकर या.

जिवंत माणसासाठी आम्हाला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. त्याआधी नेहमी काढायलाच बोलावत. बबननं जीप अशी हाणली की कापूरहोळ कधी मागे गेलं कळलं नाही. नसरापूरहून आत वळलो, विंझर गाठलं. गाव संपलं आणि जळका वास आला. बबन म्हणाला, क्लच असेल. मी मागे बघितलं. डावं चाक तिरपं झालं होतं आणि हबमधून धूर येत होता. शंभर फुटांवर ते जाम झालं आणि ट्रॉली रस्त्यावर फरफटली.

मी मिस्त्रींना फोन केला. आम्ही रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवल्या. शेवटी भाजीचा एक टेम्पो रिकामा करून घेतला, इंजिन उतरवलं, बोट उचलून त्यात आडवी-तिडवी कोंबली. पाऊण तास गेला.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर माणसं उभी होती आणि कुणी ओरडत नव्हतं. एक बाई पुढे आली, पदर कमरेला खोचलेला, पाय मांड्यांपर्यंत भिजलेले. ती त्याची बायको. तिनं झाडाकडे बोट केलं.

"आत्ता व्हता," ती म्हणाली. "तिथं. आत्ता व्हता की. हात वर करून इचारत व्हता, बोट आली का म्हून. म्या म्हनत व्हते, आली, आली."

दुपारी आम्ही त्याला बाहेर काढला.

परतताना विंझरपाशी मिस्त्री बसलेले दिसले. स्कूटरवरून आले होते. चाक काढून बाजूला ठेवलं होतं आणि हब त्यांच्या मांडीवर होता. मी जवळ गेलो. आत ग्रीस नव्हतंच. तपकिरी चिखल होता, आणि बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातून फडकं काढलं, आतला सगळा चिखल पुसून घेतला, फडक्याची घडी केली आणि परत खिशात घातली.

तोवर बाकीचे आले, गावातले दोघेतिघेही आले. बबननं विचारलं, "मिस्त्री, झालं काय हे?"

"बेअरिंग खराब निघालं," मिस्त्री म्हणाले. "माल माझा. चूक माझी."

मी तिथंच उभा होतो. बोलायला एक श्वास पुरला असता. मी बबनकडे बघितलं, मिस्त्रींच्या तपकिरी बोटांकडे बघितलं, आणि गप्प बसलो. मला वाटलं, नंतर सांगू. सोमवारी ग्रीस भरू म्हटलं होतं, तसंच.

गोष्ट पसरायला मोबाईल असल्यावर किती वेळ लागतो? त्या बाईचं वाक्य, तिरप्या चाकाचा फोटो, आणि खाली 'कापूरहोळच्या मिस्त्रीची ट्रॉली'. हॉटेलवाल्यांनी कामं काढून घेतली. ज्यांच्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं नीट चालल्या होत्या, तेही दुसऱ्याकडून तपासून आणायला लागले. मिस्त्री फाट्यावर कुणाच्या हबला हात लावायला गेले की ड्रायव्हर म्हणत, "आधी तुमचं बघा." एका हिवाळ्यात त्यांनी शेड दुसऱ्याला दिली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मासे विकणारी ती बाई दहाव्याला आली होती, आपल्या होडीच्या ट्रॉलीसकट, हातगाडीसारखी ओढत. नदीवर कुणीतरी म्हणालं, "माणूस कसबी, पर त्या एका बेअरिंगनं नाव घालवलं." मी ऐकलं. बाईनंही ऐकलं, आणि ती त्याच्याशी भांडली. मी भांडलो नाही.

मी भित्रा आहे. हे लिहायला ते जाईपर्यंत थांबलो, यावरून ते दिसतंच.

पण एक सकाळ सांगायची राहिली. त्या शेतकऱ्याला काढल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

भाजीच्या टेम्पोनं दोन खेपांत परत आणलेली बोट आणि ट्रॉली रीतीप्रमाणे न शिवता शाळेमागे उभी होती. मी धुवायला म्हणून लवकर गेलो, तर मिस्त्री आधीच तिथं. डाव्या चाकाला नवा हब, नवं बेअरिंग. शेजारी त्यांनी टेम्पोतून आणून टाकलेला आख्खा दुसरा एक्सल, स्प्रिंगचे पाटे, चाकं आणि ब्रॅकेटसकट. लाल प्रायमर मारलेला आणि त्यावर धूळ. बाजूला गोणपाट पडलं होतं. ते गोणपाट मी ओळखलं.

एक्सलचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. ब्रॅकेट चासीखाली लावल्या. ती भोकं, चार डावीकडे, चार उजवीकडे, ब्रॅकेटच्या भोकांवर येऊन बसली. ड्रिल आणलेलंच नव्हतं त्यांनी. बोटीचं नाक टेकतं तो पुढचा खांब वीतभर मागे घेतला, बोटीचं वजन बरोबर पडावं म्हणून. त्यालाही जागा आधीच केलेली होती.

"ही पाणी निघायला होती ना?" मी विचारलं.

"पाणी बी निघतंच की."

"मिस्त्री, हा कधी केलात तुम्ही?"

"पहिल्याबरच. दोन्ही संगंच केलं." ते बोल्ट आवळत होते. "म्हटलं, दोन-चार म्हयने बघत्याल, हातून व्हत न्हाई म्हनत्याल, आन् मागायला येत्याल. तुमी येत व्हता. बसत व्हता. म्या इचारत व्हतो. तुमी झकास म्हनत व्हता."

मग जे सुचलं ते माझ्या स्वभावाला धरूनच सुचलं. "पण मग तुम्हीच स्पष्ट का नाही सांगितलं मला?"

"सांगितलं व्हतं, पहिल्याच दिवशी. परत सांगितलं आसतं तर तुमी रागानं दुसरीकडं गेला आसता. त्यानं नुसती सिंगलच केली आसती." त्यांनी पाना खाली ठेवला. "म्या जरा लई वाट बघितली, सर. तेवढी चूक माझी हाय. काल खोटं न्हाई बोललो म्या."

"आणि ते वळण?" मी म्हटलं. "दगडांमधलं?"

"मानसं जास्ती लागतील फिरवायला. मानसं मिळत्यात."

मला रडू आलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सात बोल्ट झाले होते. आठवा त्यांनी फडक्याला पुसला, कालच्याच त्या फडक्याला, आणि माझ्या हातात दिला. मी तो भोकाला लावला. तो नुसत्या बोटानं आत गेला. हातोडी लागली नाही.